गोदामातलं वायफाय

परवा भिवंडीत एका गोदामात गेलो. मालकांची तक्रार: "राउटर वाढवले, तरी स्कॅनर अडकतोच."

छताकडे बघितलं. सगळे अ‍ॅक्सेस पॉइंट (म्हणजे मालकांचे 'राउटर') एकाच चॅनेलवर, पॉवर फुल्ल!

२.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शेजारचे पॉइंट एकाच चॅनेलवर असले की एक बोलताना दुसऱ्याला थांबावं लागतं. म्हणजे डबे वाढले, वेग घटला. (विकणाऱ्याचं मात्र भलं झालं.)

पॉवर वाढवूनही उपयोग नाही. स्कॅनरला पॉइंट ऐकू येतो, पण स्कॅनरचा क्षीण सिग्नल पॉइंटपर्यंत पोचत नाही.

आणि सिग्नल कुठे किती पोचतो याचा सर्व्हे रिकाम्या गोदामात करू नका. लोखंडी रॅक सिग्नल परतवतात, पाण्याच्या बाटल्यांचे खोके तो शोषतात.

तुमच्याकडे कुठे अडतंय? कमेंटमध्ये विचारा.