पिलाताचे दुसरे भय

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायात भ्यायलेला माणूस कोण, हे नीट पाहायला हवे. तो फटके खाल्लेला येशू नव्हे, त्याचा निवाडा करणारा रोमन सुभेदार पंतय पिलात आहे. आरोपी स्वतःला देवाचा पुत्र म्हणवतो हे कानावर पडताच तो अधिकच घाबरला, असे योहान सांगतो. आधी येशूने केले काय, याची चौकशी करणारा पिलात आता तो आला कुठून हे विचारतो, आणि त्याला उत्तर मिळत नाही. वल्हांडणाच्या वेळी विटाळ नको म्हणून आरोप करणारे वाड्याबाहेर थांबलेले, तेव्हा सुभेदारच आत-बाहेर खेपा घालतो. त्याचे दुभंगलेले मन योहानाने या खेपांतूनच दाखवले आहे. मग याला सोडणारा कैसराचा मित्र कसा, असा सवाल बाहेरून येतो आणि खेपा थांबतात. 'कैसराचा मित्र' हे सम्राटाच्या मर्जीतल्या माणसांचे बिरुद होते, आणि ती मर्जी किती ठिसूळ हे सेयानसवरून दिसते: इ.स. 31मध्ये सम्राट तिबेरियसचा हा उजवा हात एकाच दिवसात सत्तेवरून उतरला आणि मारला गेला. देवाचे भय पिलाताला नवखे होते. कैसराच्या भयात त्याची आजवरची सारी नोकरी पार पडली होती. ओळखीचे भय जिंकले.

यावर इतिहासाचे अभ्यासक हरकत घेतात. फिलो आणि योसेफस यांच्या लेखनातला पिलात निर्दय आहे. मग हा कचरणारा पिलात रोमची मर्जी राखण्यासाठी रंगवला नसेल? शंका रास्त आहे, पण निर्दयता आणि भीती एकाच माणसात सहज नांदतात. पिलाताने यरुशलेममध्ये लावलेल्या सोनेरी ढालींवरून उठलेल्या वादात, आपली कृत्ये सम्राटाच्या कानी जातील या धास्तीने पिलात अस्वस्थ झाला, असे खुद्द फिलोच लिहितो. त्याची नजर सम्राटाकडे होती हे दगडातही दिसते: कैसरियात 1961 साली सापडलेल्या शिलालेखात पिलाताने उभारलेल्या वास्तूला तिबेरियसचेच नाव आहे.

त्याच्या भीतीने त्याचा दोष मात्र पुसला जात नाही. फटके रोमन सैनिकांचे होते, वधस्तंभ रोमन होता, हुकूम त्याचा होता. या दोषाचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या साऱ्या यहुदी समाजावर लादले गेले, हा घोर अन्याय आहे. स्तंभावरच्या पाटीत 'यहुद्यांचा राजा' हे शब्द बदलावेत, असे मुख्य याजकांनी सांगितले तेव्हा पिलात हटला नाही. पाटी तीन भाषांत तशीच राहिली. तोवर येशू खिळला गेला होता.