पनवेलहून पायी नेपाळात

पनवेलहून गोरखपूरला थेट गाडी आहे. गोरखपूरहून बसने तीनेक तासांत सोनौली. तिथे कमान ओलांडली की पलीकडे बेलहिया, म्हणजे नेपाळ! आपल्याकडच्या नेपाळी पहारेकऱ्यांपैकी कितीतरी जण याच वाटेने घरी जातात.

भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ हवाच. आधार कार्ड फक्त १५ वर्षांखालील मुलांना आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना चालते. निघण्याआधी घरात हे नीट तपासा. सोबत परदेशी पासपोर्टवाला भाचा असेल, तर त्याने दोन्ही बाजूंचे शिक्के आठवणीने घ्यावेत. गर्दीत कुणी अडवत नाही, आणि शिक्का राहिला तर पुढे फार त्रास होतो.

शंभराच्या भारतीय नोटा सीमेजवळ सहज चालतात. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी रुपये. दुकानदार ‘आयसी की एनसी?’ विचारतो, म्हणजे भारतीय की नेपाळी. भाव ठरवतानाच हे स्पष्ट करून घ्या. भैरहवा सीमेपासून चार किलोमीटरवर आहे, लुंबिनीची बस तिथूनच मिळते. घड्याळ मात्र १५ मिनिटे पुढे करा.