अर्ध्या टेबलाचं घर

"तुमच्याकडे लांडगे एकमेकांशी कसे बोलतात?"

२०१८च्या ऑगस्टमध्ये तोक्योत एका बाईंनी मला हे विचारलं. पन्नाशी उलटलेली, गळ्यात टॉवेल, समोर अर्धं टेबल आणि त्यावर पातळ पुस्तिकांच्या दोन चळती. लांडग्यांकडे मी नंतर येते. माझे कान टवकारले ते 'तुमच्याकडे'ने. त्यांनी वापरलेला जपानी शब्द होता 'ओताकु'.

आम्ही पुण्यात जपानी शिकलो तेव्हा परीक्षांना 'योनक्यू', 'सानक्यू' म्हणायचे. आजचं 'एन-फोर', 'एन-थ्री' नंतर आलं. पुस्तकात या शब्दाचा अर्थ सरळ होता. 'ताकु' म्हणजे घर, त्याआधी आदराचा 'ओ'. आपलं घर, आणि त्यावरून आपण, आपल्याकडे. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. माझ्या आजीने आजोबांचं नाव जन्मात घेतलं नाही. 'घरात विचारून सांगते' म्हणायची, म्हणजे आजोबांना विचारून. माणसाकडे बोट न दाखवता त्याच्या उंबऱ्याकडे दाखवायचं, ही रीत दोन्हीकडे आहे.

पण त्या दिवशी 'तोक्यो बिग साइट'च्या प्रदर्शन-दालनांत जी गर्दी जमली होती, तिला जग याच शब्दाने वेगळ्या अर्थाने ओळखतं. ओताकु म्हणजे अॅनिमे-मांगाचं, जपानी कार्टून-चित्रकथांचं, वेड घेतलेला, खोलीत कोंडून घेतलेला, जरा विचित्र पुरुष. माझी भाची हा शब्द टी-शर्टवर मिरवते. जपानमधले माझ्या वयाचे लोक अजूनही तो उच्चारताना आवाज खाली आणतात. आदराच्या शब्दाची शिवी झाली कशी, हे बघायला मी निघाले होते. बघता बघता लक्षात आलं की शिवीबरोबर जे चित्र डोळ्यांसमोर येतं, ते मुळात भलत्याच माणसाचं आहे.

शिवीची जन्मतारीख बऱ्यापैकी पक्की आहे. 'मांगा बुरिक्को' हे पुरुष वाचकांसाठी निघणारं, सभ्य घरात लपवून ठेवावं लागेल असं मासिक होतं. त्याच्या जून १९८३च्या अंकापासून नाकामोरी आकिओ या तेविशीतल्या लेखकाने 'ओताकुचा अभ्यास' नावाचं सदर सुरू केलं. अभ्यास कसला, टवाळीच. जाड भिंगांचे चष्मे, आईने आणून दिलेले कपडे, एक तर हडकलेले नाहीतर सुटलेले देह. मुलींवरही ओझरता, तितकाच खवचट शेरा. ही मुलं एकमेकांना 'ओताकु' म्हणतात, म्हणून यांचं नावच ओताकु, असं त्याने ठरवून टाकलं. सदर थोडक्यात गुंडाळलं गेलं. मासिकाचे संपादक ओत्सुका एइजी यांनाच ते खटकलं होतं.

एकमेकांना असं म्हणायची पद्धत कुठून आली, याच्या दोन-तीन कथा आहेत. १९८२च्या 'मॅक्रॉस' मालिकेच्या निर्मात्यांकडे बोट दाखवणारी त्यातली जास्त चालते. मला स्वतःला साधं कारण पटतं. ज्याचं नावही धड माहीत नाही अशा माणसाशी तुम्ही दोन तास तुमच्या सर्वांत खासगी आवडीबद्दल बोलता आहात. 'तू' म्हणण्याइतकी ओळख नाही, 'साहेब' म्हणण्याइतकं अंतर नाही. मग 'तुमच्याकडे कोणते भाग आहेत?' हेच तोंडी येणार.

नाकामोरीने हे सगळं टिपलं ते कॉमिकेटमध्ये, म्हणजे मी उभी होते त्याच मेळाव्यात. कॉमिकेट, लाडाने 'कोमिके', वर्षातून दोनदा भरतो: ऑगस्टच्या उकाड्यात आणि डिसेंबरच्या शेवटी. तिथे विकल्या जातात 'दोजिन्शी', स्वतः लिहून, काढून, छापून आणलेल्या पुस्तिका. 'दोजिन' या शब्दासाठी मराठीत समानधर्मा याहून चांगला शब्द सापडत नाही. शब्द जुना आहे. १८८५मध्ये ओझाकी कोयो आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी 'गाराकुता बुंको' काढलं, तेव्हा ते हाताने लिहून एकमेकांत फिरवलं जायचं. शाळा-कॉलेजात ज्यांनी हस्तलिखिताच्या मुखपृष्ठावर बोरू झिजवला आहे, त्यांना हे वातावरण ओळखीचं वाटेल. आपल्याकडची साठच्या दशकातली सायक्लोस्टाइल अनियतकालिकंही याच जातीची. फरक एवढाच, की आपल्याकडे ती काही वर्षांत मावळली आणि तिकडे त्यांची जत्रा झाली.

ही जत्रा सुरू झाली रुसव्यातून. मांगाकार तेझुका ओसामू यांच्या संस्थेच्या 'कॉम' मासिकात १९६७पासून हौशी चित्रकारांसाठी पानं राखलेली असत. मासिक बंद पडलं, ते दारही बंद झालं. पुढे मांगाप्रेमींच्या एका मोठ्या संमेलनावर टीका केली म्हणून एका मुलीला तिथे यायला मज्जाव झाला. त्याचा राग येऊन 'मेइक्यू' या समीक्षा करणाऱ्या टोळक्याने ठरवलं, की कोणालाही दारातून परत न पाठवणारा आपला बाजार भरवायचा. २१ डिसेंबर १९७५, तोक्योच्या तोरानोमोन भागातल्या अग्निशमन भवनाची एक सभाखोली. ३२ गट, सुमारे ७०० माणसं.

ही सातशे माणसं कोण होती? बहुतेक सगळ्या मुली, त्याही शाळकरी. हागिओ मोतो आणि तिच्या बरोबरीच्या लेखिका-चित्रकारांनी मुलींच्या मांगाला तेव्हा नवं वळण दिलं होतं. त्या साधारण शोवा २४, म्हणजे १९४९च्या आसपास जन्मलेल्या, म्हणून त्यांना '२४ सालचा गट' म्हणतात. त्यांच्या वाचकांनी तो पहिला बाजार भरला. पुढे १९८५च्या सुमारास 'कॅप्टन त्सुबासा' या फुटबॉलच्या मालिकेवर पुस्तिकांचा पूर आला, तोही बायकांनीच आणला. अनेक लोकप्रिय मालिका देणारा 'क्लॅम्प' हा चौघींचा गट दोजिन्शीतूनच वर आला. आता डोळ्यांसमोर ते ओताकुचं चित्र आणा. यातली एक तरी मुलगी त्यात दिसते का?

तिला त्या चित्रातून पुसून टाकलं १९८९ने. आधीच्या वर्षभरात तोक्यो-सायतामा परिसरात चार लहान मुलींचे खून झाले होते. आरोपी सापडला आणि त्याच्या खोलीचा फोटो देशभर झळकला: चारही बाजूंना छतापर्यंत व्हिडिओ टेप. मोजल्या तेव्हा ५,७६३ भरल्या. मोजक्या सोडल्या तर बाकी टीव्हीवरून उतरवलेले नेहमीचे कार्यक्रम होते. पण टेपांत काय आहे हे फोटोत दिसत नाही, ढीग दिसतो. आतापर्यंत गल्लीतली टवाळी असलेला 'ओताकु' त्या फोटोखालची ओळ झाला. त्या प्रकरणाबद्दल त्याच वर्षी एक पुस्तक निघालं, त्यात नाकामोरी आणि ओत्सुका एकत्र आहेत. शब्द देणारा आणि त्या शब्दावर नाराज झालेला संपादक, दोघांनाही आता त्याचा जाब द्यावा लागत होता.

नंतर शब्दाची धुलाई झाली. ओकादा तोशिओ यांनी ओताकुपण हे विद्वत्तेसारखं मांडलं आणि तोक्यो विद्यापीठात त्यावर वर्गही घेतले. २००१मध्ये अझुमा हिरोकी यांनी त्यावर तत्त्वज्ञानाचं पुस्तक लिहिलं, ते खूप गाजलं. मला ते हुशार वाटतं आणि जरा कोरडंही. त्यातला ओताकु कथांचे सुटे भाग निवडून भोगतो. तो टेबलामागे बसून सुटे पैसे मोजताना मला कुठे दिसला नाही.

सुटे पैसे हा या बाजाराचा प्राण आहे. मी पहाटेच्या गाडीने निघाले, तरी माझ्यापुढे रांगेचे चौकोन आखून झाले होते. एकेका चौकोनाला हात वर करायला लावून स्वयंसेवक त्याला शाळेच्या सहलीसारखं पुढे नेत होते. दहाला उद्घोषणा झाली आणि टाळ्या वाजल्या. व्यासपीठ नाही, पाहुणे नाहीत, तरी टाळ्या. मी शेजारच्या मुलाला विचारलं, कोणासाठी? तो गोंधळला, मग म्हणाला, "सगळ्यांसाठी." कॉमिकेटच्या नियमांत गिऱ्हाईक हा शब्दच नाही. विकणारा, घेणारा, रांग लावणारा, सगळे 'सहभागी'. हा आग्रह योनेझावा योशिहिरो यांचा. पहिल्या टोळक्यातले हे विद्यार्थी पुढे पंचवीसहून जास्त वर्षं कॉमिकेट सांभाळत राहिले आणि २००६मध्ये त्रेपन्नाव्या वर्षी गेले. त्यांचा लाखाहून जास्त पुस्तकांचा साठा आता तोक्योच्या मेइजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

एका गटाला अर्धं टेबल आणि खुर्च्या. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद. तेही सोडतीत नंबर लागला तर. पलीकडच्या अर्ध्यावर अनोळखी शेजारी. विक्रीआधी प्रत्येक पुस्तिकेची एक प्रत कार्यालयात द्यायची, ती तपासली जाते आणि जपलीही जाते. १९९१मध्ये अश्लीलतेच्या धास्तीने मेळाव्याचं तेव्हाचं मकुहारीचं सभागृह हातचं गेलं, तेव्हापासून ही तपासणी कडक झाली. पाचशेच्या नाण्यांसाठी एक डबा, शंभरच्यांसाठी दुसरा. बऱ्याच जणांचा छपाईचा खर्चही सुटत नाही. ज्यांच्यापुढे रांगा लागतात त्यांना भिंतीलगत जागा देतात, म्हणजे रांग दाराबाहेर काढता येते. त्यामुळे 'भिंतीवरचा गट' ही तिथली पदवी आहे.

आणि यातलं बरंचसं, खरं बोलायचं तर, दुसऱ्याच्या मालावर. पात्रं कोणाची तरी, कथा या मुलींची. जपानी कायद्यात मूळ हक्कदाराने तक्रार केल्याशिवाय खटला उभा राहत नसे, आणि हक्कदार सहसा डोळेझाक करत. त्यांचे उद्याचे चित्रकार त्याच टेबलांमागे बसलेले असतात, हे त्यांना माहीत असतं. पॅसिफिक व्यापार करारामुळे हा नियम बदलायची वेळ आली तेव्हा मोठी घबराट झाली. अखेर तक्रारीविना कारवाई फक्त मूळ कृती जशीच्या तशी चोरून विकणाऱ्यांवर, एवढ्यावर भागलं. नवा कायदा लागू झाला ३० डिसेंबर २०१८ला. त्या दिवशी हिवाळी कॉमिकेटचा मधला दिवस होता. पुढच्या हिवाळ्यात चार दिवसांत साडेसात लाख माणसं आली. त्यानंतरचा मेळावा महासाथीने रद्द केला.

आता लांडगे. त्या बाईंची पुस्तिका चोवीस पानांची होती, विषय १९७४च्या 'हायडी' मालिकेतलं जेवण. बावन्न भाग, प्रत्येकात कोण काय खातं, ताट कुठून दिसतं, चीज किती वितळलेलं आहे, सगळं बारीक अक्षरात. मी पाचशेचं नाणं दिलं, त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. कुठून आलात, अॅनिमे कधीपासून बघता? मी म्हटलं, लहानपणी 'मोगली' बघायचे, पण ते जपानी आहे हे मला वीस वर्षांनी कळलं.

त्या खुर्चीतून उठल्याच. 'जंगल बुक: शोनेन मोगली', १९८९, निप्पोन अॅनिमेशन. 'हायडी' बनवणाऱ्यांतल्याच बऱ्याच जणांची कंपनी, आणि हीदेखील बावन्न भागांची. १९९३मध्ये आमच्याकडे ती दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची, शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची. शेरखानच्या तोंडून नाना पाटेकर गुरगुरायचे, हे मी त्यांना अभिमानाने सांगितलं. त्यांना नाना माहीत असायचं कारण नव्हतं, पण त्यांनी नाव लिहून घेतलं. वाघाला मराठी माणसाचा आवाज होता, जंगल मध्य प्रदेशातलं, मालिका जपानी, भाषा हिंदी. आम्ही ती पुण्यातल्या वाड्यात सतरंजीवर बसून बघितली. पुढे गाड्यांच्या कारखान्यात भाषांतर करताना एका जपानी साहेबांनी विचारलं, इतकं चांगलं जपानी कुठे शिकलात? मी विद्यापीठाचं नाव सांगितलं. रात्र-रात्र बघितलेल्या अॅनिमेचं नाव घेतलं नाही. तेव्हा मीही आवाज खालीच आणला होता.

मग त्यांनी विचारलं: तुमच्याकडे लांडगे एकमेकांशी कसे बोलतात? जपानीत प्रत्येक प्राण्याचा 'मी' वेगळा ठरवावा लागतो, 'ओरे' की 'बोकु', त्यावरून त्याचा रुबाब कळतो. हिंदीत काय केलं? मी म्हटलं, आमच्याकडे 'मी' एकच, पण समोरच्याला तू, तुम की आप हे ठरवावं लागतं. मग मोगली बघीराला काय म्हणतो? आणि अकेलाला? मला आठवेना. इतके रविवार बघितलेलं, आणि आठवेना. भाषांतर करून पोट भरणाऱ्या बाईला.

"पुढच्या अंकासाठी कळवाल?" त्यांनी पत्त्याचं कार्ड दिलं. चार वाजता शेवटची उद्घोषणा झाली, पुन्हा टाळ्या. शेजारच्या टेबलवाल्या मुलीने त्यांच्या टेबलावरच्या कापडाची दोन टोकं धरली, दोघींनी मिळून घडी घातली. नावं त्यांनी एकमेकींना तेव्हा विचारली.

कळवायचं राहून गेलं. गेल्या मे महिन्यात भाची सुट्टीला आली. तिच्यासमोर हा सगळा किस्सा सांगितला तर ती म्हणाली, "मावशी, सात वर्षं? त्या बाई वाट बघत असतील." दुपारी पडदे ओढून आम्ही जुने भाग लावले. वहीचं पान मी आखलं: तू, तुम, आप. चौथा रकाना तिने काढला, काहीच न म्हणता नुसतं गुरगुरण्याचा.

तिसऱ्या भागात ती ओरडली, "थांब, मागे घे. आत्ता काय म्हणाला तो?"

मी मागे घेतलं.