शिंपला ओळखायचा तर आधी जागा पाहा

ओहोटीच्या वेळी कोकणातल्या एखाद्या पुळणीवर लाट मागे सरली की ओल्या वाळूत नखाएवढे शिंपले उघडे पडतात आणि बघता बघता पुन्हा वाळूत शिरतात. कुणी पांढरा, कुणी पिवळसर, कुणी जांभळ्या पट्ट्यांचा. रंग पाहून चार-पाच जाती असाव्यात असं वाटतं. पुष्कळदा ती एकच जात असते. म्हणून शिंपला ओळखताना रंग सर्वांत शेवटी पाहावा.

हे शिंपले डोनॅक्स गटातले. रिकामा शिंपला हातात घेतला की सुताराच्या पाचरीचा आकार लगेच जाणवतो. एक बाजू लांब निमुळती, दुसरी आखूड आणि छाटल्यासारखी. दोन्ही झडपा जोडणारा तपकिरी, लवचीक बंध आखूड बाजूला असतो. आतल्या कडेवरून नख फिरवलं तर बऱ्याच जातींत बारीक दाते लागतात.

आता आतली बाजू उजेडात तिरकी धरा. स्नायूंचे दोन ठसे दिसतील आणि त्यांना जोडणारी एक फिकट रेषा. ही रेषा आखूड बाजूकडून खोल आत वळते. पाणी आत-बाहेर करणाऱ्या दोन नळ्या प्राणी तिथे आखडून घेतो. असं वळण दिसलं, की तो वाळूत किंवा गाळात पुरून राहणारा, हे समजावं. खडकाला चिकटलेल्या कालवाला अशा नळ्या नसतात. त्याच्या शिंपल्यात स्नायूचा ठसाही एकच.

डोनॅक्सचं घर म्हणजे लाट चढते-उतरते तो वाळूचा पट्टा. खाडीच्या गाळात तिसऱ्या नावाचे शिंपले मिळतात, तिथे हा शोधू नये. याच्या अनेक जाती भरतीबरोबर वर आणि ओहोटीबरोबर खाली सरकतात. लाट आली की वाळूतून बाहेर यायचं, तिच्याबरोबर वाहायचं आणि पुढची लाट येण्याआधी पुन्हा पुरून घ्यायचं. त्यासाठी प्राणी मांसल पाय वाळूत खुपसतो, त्याचं टोक फुगवून पकड घेतो आणि शिंपला खाली ओढतो. मग नळ्या वर काढून पाण्यातले सूक्ष्म अन्नकण गाळून खातो.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर डोनॅक्स इन्कार्नेटस, डोनॅक्स क्युनिएटस आणि डोनॅक्स स्कॉर्टम या जाती आढळतात. शेवटच्या दोन जातींना निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये नावं दिली. स्कॉर्टम मोठा असतो. त्याच्या पाठीवरची धारदार कड आणि आतला जांभळा रंग यांवरून तो चटकन ओळखता येतो.

मेलेले शिंपले मात्र फसवतात. सुटी, झिजलेली झडप लाटांबरोबर कुठूनही येते. दोन्ही झडपा बंधाने जोडलेल्या असतील तर प्राणी जवळपासच राहत होता, असं मानायला आधार मिळतो. टोकाजवळ कडा तासलेलं गोल भोक दिसलं, तर शिकारी गोगलगाईने शिंपला पोखरून आतला प्राणी खाल्ला, हे ओळखावं.

म्हणून पुढच्या वेळी शिंपला उचलाल तेव्हा किनारा, तारीख, वाळू की गाळ, आणि भरतीच्या रेषेपासूनचं अंतर लिहून ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. जिवंत असेल तर त्याच ओल्या वाळूत सोडा. आणि त्या पट्ट्यावर गाडी नेऊ नका. चाकाखालच्या वाळूत हे जीव राहतात.