संगणक वारंवार बंद पडतो तेव्हा

घरोघरी संगणक आला त्याला आता बरीच वर्षे झाली. मुलांचे अर्ज, निकाल, प्रकल्प अहवाल सारे त्यावरच होते. तरीही तो बिघडला की आपण सुशिक्षित माणसेसुद्धा गांगरून जातो आणि दुरुस्तीवाला म्हणेल ती रक्कम मोजून मोकळे होतो. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर. यंत्राचे शास्त्रशुद्ध ज्ञान आम्हास नाही. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्यावर जो प्रसंग ओढवला, त्यातून जे समजले ते वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

आमच्या थोरल्या मुलीचे बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष होते. प्रकल्प अहवाल द्यायला नऊ दिवस उरले असता संगणक मध्येच बंद पडू लागला. पडदा काळा, पंख्याचा आवाज बंद. पुन्हा बटन दाबावे तर पाच मिनिटांत तोच प्रकार. "पप्पा, पुन्हा गेला!" ही हाक दिवसातून सात-आठ वेळा ऐकू येई. एकदा तर टाइप केलेली चार पाने गेली आणि ती रडायलाच लागली. दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने संगणकातल्या 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाच्या नोंदवहीत पाहिले. तिथे 'कर्नल-पॉवर' अशी ४१ क्रमांकाची नोंद ओळीने होती. "साहेब, बोर्ड गेला. साडेनऊ हजार होतील," असे सांगून तो गेला. महिनाअखेर होती. साडेनऊ हजार कोठून आणायचे?

त्या रात्री आम्हास आमच्या बँकेतील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांची आठवण झाली. नोकरीस नवे असताना तेरीज जुळेना म्हणजे आम्ही सगळी व्हाउचरे पहिल्यापासून चाळायला बसत असू. ते म्हणत, "आधी फरकाचा आकडा पाहा." फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर बहुधा अंकांची अदलाबदल झालेली असते, म्हणजे ७२० चे २७० लिहिले गेलेले असतात. एखादी नोंद जमेऐवजी नावे पडली असेल तर फरक तिच्या दुप्पट येतो, म्हणून फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची. संगणकाचेही तसेच आहे. तो केव्हा आणि कसा बंद पडतो, यावरूनच बिघाड कोठे शोधायचा ते ठरते.

त्या ४१ क्रमांकाच्या नोंदीविषयी येथेच सांगितले पाहिजे, कारण तिच्यावरून पुष्कळांची फसगत होते. 'मागच्या वेळी संगणक रीतसर बंद न होता थांबला' एवढाच तिचा अर्थ. का थांबला ते त्या नोंदीपुरते तिलाही माहीत नसते. आमच्या भाषेत बोलायचे तर ही सस्पेन्स खात्यातील रक्कम आहे. तिच्यावरून कोणाच्या नावे काही टाकता येत नाही.

कशालाही हात लावण्यापूर्वी आम्ही मुलीचे सारे काम पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. हे पहिले काम. यंत्र पुन्हा मिळते, लिहिलेले मिळत नाही. हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर इतर तपासण्यांत वेळ न घालवता आधी नक्कल करून घ्यावी. मग आम्ही एका वहीत दोन दिवस नोंद ठेवली: सुरू केल्याची वेळ, बंद पडल्याची वेळ, त्या वेळी काय चालले होते. सकाळी संगणक तासभर चाले. दुपारी वीस मिनिटे. लगेच सुरू केला तर पाचच मिनिटे.

नागपूरचा मे महिना वाचकांना सांगायला नको. बाहेर पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे घरातली हवाही तापलेली असते, आणि त्याच हवेने संगणकाला थंड व्हायचे असते. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा बसविलेला असतो आणि त्यावर पंखा. प्रोसेसर व ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा लेप असतो, त्यास थर्मल पेस्ट म्हणतात. उष्णता बाहेर गेली नाही तर प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो. तेवढ्याने भागले नाही तर साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास जळण्यापासून वाचण्यासाठी संगणक बंद पाडतो. म्हणजे आम्ही ज्याला बिघाड म्हणत होतो तो एका अर्थी बचाव होता!

वायर काढून कॅबिनेट उघडले. पंख्याखाली धुळीचा जाड थर बसला होता, जणू घोंगडीचा तुकडा. लेप जुन्या चुन्यासारखा वाळून भेगाळला होता. ब्रशाने व ब्लोअरने धूळ काढली (पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर ब्लोअरच्या वाऱ्याने तो वाजवीपेक्षा जोरात फिरून खराब होऊ शकतो). जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसला आणि छोट्या वाटाण्याएवढा नवा लावला. खर्च दीडशे रुपये. त्या दुपारी संगणक चार तास चालला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहा वाजता मात्र तो पुन्हा गेला. आमचा धीरच सुटला. पण वही पाहिल्यावर लक्षात आले की ही तऱ्हा वेगळी. या वेळी संगणक बंद राहिला नाही, एका क्षणात आपोआप पुन्हा सुरू झाला. आणि सहा वाजता आमच्याकडे पाण्याची मोटर लावतात. मोटर सुरू होताना क्षणभर वीजदाब खाली येतो. दिवा मिचकावतो तो त्यामुळेच. तेवढा क्षण सांभाळण्यासाठी यूपीएस असतो, पण त्याच्या आतील बॅटरी दोन-तीन वर्षांत निकामी होते आणि हिरवा दिवा लागत असल्याने कोणाला कळत नाही. आमची पाच वर्षांची होती. तेरजेतसुद्धा कधी कधी दोन चुका एकावर एक पडलेल्या असतात. एक सापडली म्हणजे काम संपले असे नाही. म्हणूनच एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

यूपीएस चांगला असूनही संगणक असा झटक्यात पुन्हा सुरू होत असेल, विशेषतः जड काम दिल्यावर, तर एसएमपीएसचा संशय घ्यावा. घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ व ३.३ व्होल्ट करणारी ही पेटी. माहितीतल्या कोणाची चांगली पेटी तात्पुरती लावून पाहावी. ती उघडू मात्र नये, वायर काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते. जुन्या मदरबोर्डावरील छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर वरून फुगले असतील तर मात्र दुरुस्तीवाल्याचे म्हणणे खरे असण्याचा संभव आहे.

तिसरी तऱ्हा म्हणजे निळा पडदा व त्यावरील इंग्रजी अक्षरे. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा केला आहे. तो वाचण्यापूर्वीच संगणक पुन्हा सुरू होतो, कारण विंडोजमध्ये तशी सोयच करून ठेवलेली असते. 'सिस्टिम प्रॉपर्टीज'मधील 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' येथे 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' समोरची खूण काढून टाकावी, म्हणजे पडदा थांबून राहतो आणि त्याचा फोटो घेता येतो. 'मेमरी मॅनेजमेंट' असे शब्द वारंवार दिसले तर रॅम काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसाव्यात आणि नीट बसवावी. दोन असतील तर एकेक लावून पाहावी. विंडोजमध्ये मेमरी तपासण्याची सोयही आहे.

यंत्र धडधाकट असूनही हे घडू शकते. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा किडा पसरला तेव्हा विंडोज एक्सपीचे संगणक साठ सेकंदांची सूचना देऊन आपोआप पुन्हा सुरू होत. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैतच दिली होती, ज्यांनी घेतली नाही ते अडकले. उलट १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळेच जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. तेथे उपाय होता 'सेफ मोड'मध्ये शिरून एक फाइल काढण्याचा. या मोडमध्ये संगणक अगदी आवश्यक तेवढ्याच सामग्रीवर चालतो. तेथे तो नीट चालत असेल तर बहुतेक वेळा दोष नव्याने घातलेल्या एखाद्या प्रोग्राममध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये असतो.

आम्ही यूपीएसची बॅटरी बदलली. अहवाल मुदतीच्या एक दिवस आधी दाखल झाला. बोर्ड जुनाच आहे. कॅबिनेटच्या आतल्या बाजूस कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सफाईची तारीख लिहिली आहे. पुढची सफाई फेब्रुवारीत, म्हणजे उन्हाळा आणि आमच्या बँकेतील मार्चअखेरची धांदल, दोन्ही लागण्यापूर्वी.