'दुभती गाय' : एका वाक्प्रचाराचा वाक्यगत विचार

व्यवस्थापनशास्त्रातील 'कॅश काउ' ही संज्ञा मराठीत आणावयाची झाली की लेखकाच्या लेखणीतून 'दुभती गाय' हे शब्द आपोआप उतरतात. दोन्हीकडे गाय आहे, दोन्हीकडे दूध म्हणजे पैसा आहे. तेव्हा भाषांतर बिनचूक झाले असे वाटणे स्वाभाविक होय. परंतु वाक्प्रचाराची परीक्षा कोशात होत नाही, वाक्यात होते. आणि वाक्यात घालून पाहिले असता या दोन गाई एकाच गोठ्यातल्या नाहीत, हे ध्यानात येते.

प्रथम इंग्रजी संज्ञेचा विचार करू जाता, तिला आजचा नेमका अर्थ ब्रूस हेंडरसन यांनी १९७० साली बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपसाठी लिहिलेल्या एका छोट्या टिपणामुळे लाभला. एखाद्या कंपनीच्या निरनिराळ्या मालांची वर्गवारी दोन मापांनी करावी : त्या मालाचा बाजारपेठेतील सापेक्ष वाटा किती आणि ती बाजारपेठ वाढते आहे किती वेगाने. वाटा मोठा, पण वाढ मंद, असा जो माल, तो 'कॅश काउ'. त्याला नव्या भांडवलाची गरज थोडी आणि त्याच्यापासून मिळणारी रोकड पुष्कळ. ही रोकड काढून घ्यावी व वाढत्या धंद्यांना पुरवावी, असा तो उपदेश आहे. (याच मांडणीतील चौथ्या, निरुपयोगी वर्गाला आरंभी 'पाळीव प्राणी' म्हटले होते, तोच पुढे 'कुत्रा' झाला.) संज्ञा स्तुतीची नाही, तशी निंदेचीही नाही. कारखानदार स्वतःच्या मालाविषयी ती निःसंकोचपणे वापरतो.

मराठी 'दुभती' हे 'दुभणे' या धातूचे वर्तमानकालवाचक धातुसाधित होय. या धातूचे मूळ संस्कृत 'दुह्'च्या कर्मणिरूपात आहे. 'दुह्यते' या अर्थी प्राकृतात 'दुब्भइ' असे रूप होते. म्हणजे व्युत्पत्तीने 'दुभती' ती, जी 'दुहिली जाते'. मराठीत हा कर्मणी अर्थ लोपला आणि 'दूध देणारी' असा कर्तरी अर्थ स्थिरावला. दूध काढणाऱ्याचा हात व्याकरणातून असा नाहीसा झाला, तरी वाक्प्रचाराच्या अर्थात तो टिकून आहे.

गौणी लक्षणेचे 'गौर्वाहीकः' हे उदाहरण संस्कृत साहित्यशास्त्रात रूढ आहे. तेथे जडत्व, मंदत्व हे बैलाचे गुण वाहीकावर आरोपित होतात. दोन पदार्थ आणि त्यांतील साधर्म्य, एवढ्यावर अर्थ पुरा होतो. 'दुभती गाय' या लक्षणेला मात्र तिसरा घटक लागतो. ती कोणाला दुभती? हा प्रश्न वाक्याने सोडवला नाही तर ऐकणारा तो विचारतो. म्हणूनच बोलण्यात हा वाक्प्रचार बहुधा 'समजणे', 'वाटणे', 'करून ठेवणे' अशा क्रियापदांबरोबर येतो. 'थोरल्या भावाला घरच्यांनी दुभती गायच समजले.' 'संस्था म्हणजे त्यांना दुभती गाय वाटते.' येथे दोष भावाचा वा संस्थेचा नाही. दूध काढणाऱ्याच्या दृष्टीवर बोट ठेवलेले आहे. उद्देश्य पुल्लिंगी असले तरी अडत नाही : 'कारखाना त्यांची दुभती गाय झाला' या वाक्यात क्रियापद कारखान्याला अनुसरते, 'त्यांची' हे पद गाईला.

आता हेच वाक्य प्रथमपुरुषी करून पाहावे. 'आमचे दुकान ही आमची दुभती गाय आहे.' व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष; पण कोणताही दुकानदार ते गंभीरपणे उच्चारणार नाही. उच्चारलेच, तर तो थट्टा करीत आहे असे समजले जाईल. तो म्हणेल, 'दुकानावर आमचे घर चालते', किंवा, 'दुकान हाच आमचा पोशिंदा.' मुंबई महानगरपालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार असलेली जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच बंद झाली. 'जकात ही पालिकेची दुभती गाय होती' हे वाक्य टीकाकाराच्या तोंडी शोभते. पालिकेच्या अंदाजपत्रकीय भाषणात ते शोभले नसते. इंग्रजीतही या अंगाचा एक जुना प्रयोग आहे : 'मिल्च काउ'. सतराव्या शतकाच्या आरंभापासून लाक्षणिक अर्थाने आढळणारा तो प्रयोग मराठी वाक्प्रचाराचा खरा सोयरा होय. 'कॅश काउ' नव्हे.

एक अपवाद विचारात घ्यावाच लागतो, आणि तो मोठा मौजेचा आहे. 'दुभत्या गाईच्या लाथा गोड' या म्हणीत बोलणारा बहुधा स्वतः लाभ घेणाऱ्याच्या बाजूचा असतो. पण येथील गाय दुबळी नाही. ती तापट धनिक असेल, श्रीमंत सासरा असेल. लाथ मारण्याचे सामर्थ्य तिच्यापाशी आहे आणि सोसणे धार काढणाऱ्याच्या वाट्याला आले आहे. वाक्प्रचारातील गाय मुकी, म्हणीतील गाय मानी. एकाच शब्दजोडीत सत्तेचा तोल असा उलटा फिरावा, याकडे अर्थविचाराच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे.

'कामधेनू' हा शब्द येथे पर्याय म्हणून सुचवला जातो. वसिष्ठांची धेनू मागितले ते देते. तिला वैरण लागत नाही, ती आटत नाही. त्यामुळे 'सहकारी साखर कारखाना ही तालुक्याची कामधेनू' असे गौरवाच्या भाषणात खुशाल म्हणता येते. शास्त्रीय संज्ञेला मात्र हा भाबडेपणा परवडणारा नाही. खरी गाय एका वेतात साधारणपणे दहा महिने दूध देते, पुढच्या वेतापूर्वी दोनएक महिने आटते, आणि पेंड-वैरण तोडली तर त्याआधीच. गोठा पाहिलेल्या भाषेत म्हणूनच 'आटणे' आणि 'भाकड' हे शब्द 'दुभती'च्या मागोमाग उभे असतात. 'भाकडकथा' या शब्दातही तोच भाकडपणा आहे.

मग हेंडरसन यांच्या संज्ञेचा आशय मराठी वाक्यात कसा आणावा? उत्पन्नाची शाश्वती तेवढी सांगावयाची असेल तर 'हुकमी' आणि 'बारमाही' ही विशेषणे पुरेशी आहेत : 'वह्यांची विक्री हंगामी, किराण्याची बारमाही.' पण एका धंद्याची रोकड दुसऱ्यात घालावयाची, हा संज्ञेचा गाभा त्यांत येत नाही. तो येतो 'जिवावर' या शब्दयोगी प्रयोगात. 'किराणा दुकानाच्या जिवावर त्यांनी तेलाची गिरणी उभी केली' असे वाक्य बाजारपेठेतील माणूस स्वतःविषयीही बोलतो आणि त्यात कोणाची नालस्ती होत नाही. पाठ्यपुस्तकाच्या तक्त्यात हा प्रयोग चौकटीत बसणार नाही, ही अडचण खरी. तेथे 'कॅश काउ' हाच शब्द देवनागरीत ठेवून त्याखाली असे एक वाक्य द्यावे.