उंचावरचा रेडिओ

पालमच्या शिवारात ज्वारी राखणारा गडी माळ्यावर का चढतो? उंचावरून नजर लांब जाते म्हणून. रेडिओचेही तसेच आहे.

आपला घरचा रेडिओ नुसता ऐकवतो. हौशी रेडिओवाल्यांचे यंत्र ऐकते आणि बोलतेही. त्यासाठी परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो.

हातातल्या लहान यंत्राच्या लहरी बहुतेक सरळ जातात. मधे डोंगर आला की अडतात. म्हणून ही मंडळी यंत्र, बॅटरी आणि तार पाठीवर घेऊन शिखरावर चढतात. आपल्या राज्यात कळसूबाई सर्वांत उंच, १,६४६ मीटर. तिच्या माथ्यावर आडवे कोण येणार?

हा नुसता खेळ नाही. १९९३ साली आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले. हौसेने केलेला सराव असा संकटात कामी येतो.